बारीक, लवचिक स्पीकर केबल निवडताना: एका घरातल्या सिस्टिमची पूर्ण केस

पार्श्वभूमी

केस मित्राच्या घरची आहे, त्याला विचारूनच लिहितोय, फक्त ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. सिस्टिम साधीच. छोटा क्लास डी अॅम्प (कमी तापणारा, हलका अॅम्प्लिफायर), वजन किलोच्या आत. स्टँडवर ठेवलेले दोन बुकशेल्फ स्पीकर, इंटरनेटवरून गाणी वाजवणारा एक स्ट्रीमर, आणि टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलने त्याच अॅम्पमधून. स्पीकरच्या खोक्यावर ६ ओहम छापलेलं, पण माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरात किमान इम्पीडन्स, म्हणजे स्पीकरचा सिग्नलला होणारा विरोध, ३.६ ओहम. नियमाने पाहिलं तर ६ ओहम लिहिलेल्या स्पीकरचा इम्पीडन्स ८० टक्क्यांच्या खाली, म्हणजे ४.८ ओहमच्या खाली जायला नको, पण हे कंपन्या फारसं मनावर घेत नाहीत. आकडा ध्यानात ठेवा, पुढचं सगळं गणित ६ वर नाही, ३.६ वर चाललंय.

हॉलमध्ये एका भिंतीला लांब युनिट, त्याच्या डाव्या टोकाच्या कप्प्यात अॅम्प. डावा स्पीकर तिथेच शेजारी, उजवा मात्र एका दाराच्या पलीकडे. त्यामुळे डावीकडची केबल अडीच मीटर आणि उजवीकडची दाराच्या चौकटीवरून फिरून गेलेली, तब्बल सात मीटर. केबल आधीच्या मोठ्या सिस्टिमची उरलेली, चार स्क्वेअरची (प्रत्येक तारेत चार चौरस मिमी तांबं), गोल, वरचं आवरण पारदर्शक आणि बाहेरून जवळपास ११ मिमी जाड. फुकटात होती, जाड होती, मग चांगलीच असणार असं समजून लावलेली. जाड केबल म्हणजे दमदार आवाज हे कुणी शिकवावं लागत नाही, ते आपोआपच डोक्यात असतं.

नेमकी अडचण काय होती

तक्रार केबलची नव्हतीच मुळी. तक्रार अशी की उजवा स्पीकर मधूनच बंद पडतो, कधी खरखरतो, झाडू मारला की बंद आणि स्टँडला हात लागला की परत चालू. मित्राच्या मते अॅम्प बिघडत चालला होता, त्याने नवीन अॅम्पची यादी पण काढून ठेवलेली. वहिनींचं म्हणणं वेगळं होतं, "भावजी, तो अॅम्प राहू दे, आधी दारावरचा तो पाइप काढायचं बघा, आल्यागेल्याला तेवढंच दिसतं."

अॅम्प बदलण्याआधी अदलाबदल करून बघायची. अॅम्पच्या मागे डाव्या-उजव्या केबली एकमेकींच्या जागी लावल्या, तरी बंद पडतोय तो उजवाच स्पीकर. म्हणजे अॅम्प सुटला, चॅनल बदलूनही दोष हलला नाही. मग डावा स्पीकर उचलून उजवीकडच्या केबलला लावला तर आता तो खरखरायला लागला. म्हणजे स्पीकरही सुटला. राहिली केबल.

पुढचं डोळ्यांनीच दिसलं. चार स्क्वेअरची ताठ केबल स्टँडच्या मागून वर येऊन स्पीकरच्या टर्मिनलमध्ये घुसत होती आणि तिला मुळात सरळ राहायचं होतं, त्यामुळे ती बनाना प्लगला (केबलच्या टोकाला लावून टर्मिनलमध्ये खुपसायची पिन) सतत पिळत होती. प्लगच्या आतला स्क्रू पिळून पिळून सैल झालेला. त्यात पारदर्शक आवरणाच्या आत टोकाकडची बोटभर तार हिरवट पडलेली. मधल्या लांबीत या हिरवटपणाने विशेष बिघडत नाही, पण जिथे स्क्रू तारेला दाबून धरतो नेमकं तिथेच तो असला की कॉन्टॅक्ट जातो. आणि अॅम्पच्या बाजूला तर मजाच, दोन जाड केबलींच्या ताणाने हलका अॅम्प मागे ओढला जाऊन त्याचे पुढचे दोन पाय कप्प्याच्या फळीपासून उचललेले होते, खालून कागद सरकवता येईल इतके.

थोडक्यात, ज्या केबलचा रेझिस्टन्स सगळ्यात कमी तीच टोकाला सगळ्यात जास्त त्रास देत होती.

आधी गणित, मग खरेदी

इथे पहिला खरा निर्णय होता. मित्राचं म्हणणं, "अरे, बारीक घ्यायची तर घेऊ, पण आवाज बारीक झाला तर?" वाजवी प्रश्न आहे आणि याचं उत्तर कानाने नाही, कागदावर मिळतं.

हिशोब सोपा आहे. सिग्नल एका तारेतून जातो आणि दुसरीतून परत येतो, म्हणून लांबी दुप्पट धरायची. बारीक तारांच्या तांब्याच्या केबलला आयईसी ६०२२८ या स्टँडर्डप्रमाणे जास्तीत जास्त किती रेझिस्टन्स चालतो ते ठरलेलं आहे: पाऊण स्क्वेअरला मीटरमागे २६ मिलिओहम, दीड स्क्वेअरला १३.३, अडीचला ७.९८, चारला ४.९५. आणि वर्षानुवर्षं चालत आलेला अंगठेनियम असा की केबलचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स स्पीकरच्या किमान इम्पीडन्सच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा. ३.६ चे ५ टक्के म्हणजे ०.१८ ओहम. ही झाली आपली मर्यादा.

सात मीटरला पाऊण स्क्वेअर घेतली तर ०.३६ ओहम, म्हणजे बरोबर दुप्पट, बाद. दीड स्क्वेअर ०.१८६, काठावर, किंचित बाहेरच. अडीच ०.११, आरामात. आणि जुनी चार स्क्वेअर ०.०७, म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त जाड केबल इतकी वर्षं दारावर लोंबत होती.

हे ५ टक्के काही पवित्र नाहीत बरं का. ओलांडले की लगेच आवाज बिघडतो असं नसतं. पण मागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. स्पीकरचा इम्पीडन्स सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखा नसतो, कुठे ३.६ तर कुठे २० ओहमपर्यंत चढतो. केबलचा रेझिस्टन्स जास्त असला की जिथे इम्पीडन्स कमी तिथे आवाज जास्त घटतो आणि जिथे जास्त तिथे जवळपास घटतच नाही, म्हणजे स्पीकरचा मूळ तोलच थोडा हलतो. ५ टक्क्यांच्या आत राहिलं की हा हललेला तोल डेसिबलच्या अर्ध्याच्याही आत राहतो, बस एवढंच.

डॅम्पिंग फॅक्टरची, म्हणजे अॅम्पची वूफरवरची पकड सुटण्याची, भीती पण याच जातीची. बारीक केबलने बास ढिला पडतो असं म्हणतात, पण वूफरच्या व्हॉइस कॉइलचा (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा) स्वतःचाच रेझिस्टन्स काही ओहमचा असतो आणि तो त्याच सर्किटमध्ये कायम बसलेला आहे, त्याच्यापुढे केबलच्या ०.१ ओहमने काय मोठा फरक पडणार.

कोणते पर्याय तोलून पाहिले

पहिला पर्याय, आहे तीच केबल ठेवून वळणाचे प्लग लावायचे आणि स्टँडला केबल बांधून ताण काढायचा. तांत्रिकदृष्ट्या हा पर्याय वाईट अजिबात नव्हता, उजवा स्पीकर चालू झाला असता. पण वहिनींचा पाइप तसाच राहिला असता, आणि खरं सांगायचं तर घरातल्या ज्या वस्तूला रोज नावं ठेवली जातात ती फार दिवस टिकत नाही.

दुसरा, चिकटवायची चपटी केबल, म्हणजे तांब्याच्या पट्ट्या असलेली टेपसारखी, भिंतीवर लावून वरून रंग देतात ती. दिसायला सगळ्यात भारी. तिचा इंडक्टन्स, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीला वाढत जाणारा विरोध, पण कमी असतो. पण दोन्ही टोकांना वेगळे कनेक्टर लागतात, एकदा चिकटवली की हलवता येत नाही, आणि कोपऱ्यात तीच तीच घडी पडली तर पट्टी तुटते. शिवाय काही चपट्या केबलींचा कपॅसिटन्स (दोन तारांमध्ये चार्ज साठण्याची क्षमता) बराच जास्त असतो आणि काही थोडे अॅम्प अशा लोडवर अस्थिर होतात. मित्राच्या अॅम्पला झालं असतं असं नाही, पण भाड्याच्या घरात भिंतीला कायमचं काही चिकटवायचं नव्हतंच, मग पुढचा विचार कशाला.

तिसरा पर्याय मित्राच्या धाकट्या भावाचा. तो म्हणाला चार तारा कशाला, तीन घेऊ, दोन्ही स्पीकरची निगेटिव्ह एकच करू, केबल आणखी बारीक होईल. हे ऐकायला हुशारीचं वाटतं म्हणून मुद्दाम लिहितोय. असे छोटे क्लास डी अॅम्प बहुतेक वेळा ब्रिज पद्धतीचे असतात, त्यांची निगेटिव्ह म्हणजे ग्राउंड नव्हे, त्या टर्मिनलवरही सिग्नल असतो. दोन चॅनलच्या निगेटिव्ह एकत्र जोडल्या तर अॅम्प प्रोटेक्शनमध्ये जाईल, नशीब वाईट असेल तर कायमचाच जाईल. असं करायचं नाही.

त्याचीच दुसरी आयडिया, प्लस चौकटीच्या एका बाजूने आणि मायनस दुसऱ्या बाजूने न्यायची म्हणजे दोन्ही दिसणार नाहीत. हीपण नको. दोन तारा एकमेकींना चिकटून धावतात तोवर इंडक्टन्स कमी राहतो, त्यांच्यात जितकी फट तितका तो वाढतो, आणि मधल्या मोठ्या रिकाम्या जागेमुळे ती वायर अँटेनासारखी आजूबाजूचं पण उचलायला लागते. जोडीची केबल जोडीनेच जाऊ द्यावी.

चौथा, अडीच स्क्वेअरची चपटी जोड केबल. गणितात सरळ बसत होती. जाडी साधारण ४ मिमी आणि रुंदी ८ च्या आसपास. पाचवा, तीच दीड स्क्वेअरमध्ये, ३ मिमी बाय ६ मिमी, चौकटीच्या खाचेत अगदी बसून जाईल अशी, पण सात मीटरला काठावर.

वायरलेस स्पीकर घ्या असंही कुणीतरी सुचवलंच. म्हणजे डोकं दुखतंय म्हणून डोकंच बदला. तरी त्यांना पॉवरची वायर लागतेच.

लवचिकपणा कुठून येतो

इथे थोडं थांबतो, कारण बारीक आणि लवचिक या दोन गोष्टी लोक एकच समजतात आणि निम्मे लोक इथेच चुकीची केबल घेऊन येतात.

दीड स्क्वेअर तांबं दोन तऱ्हांनी भरता येतं. पाव मिमीच्या ३० तारा घ्या, किंवा ०.१५ मिमीच्या ८५ तारा घ्या. तांबं तेवढंच, रेझिस्टन्स तेवढाच, पण हातात घेतल्यावर दोन वेगळ्या वस्तू. तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, तारांची संख्या धरून हिशोब केला तर तेवढ्याच तांब्याला व्यासाच्या वर्गाने. ०.२५ वरून ०.१५ वर आलं की ताठपणा जवळपास एक तृतीयांश होतो. स्टँडर्डमध्ये पहिलीला क्लास ५ म्हणतात, दुसरीला क्लास ६. पाकिटावर लिहिलेलं नसलं तर टोक सोलून तारा मोजायच्या, कंटाळवाणं आहे पण पाच मिनिटांचं काम.

आणि तेवढ्याने भागत नाही, कारण बऱ्याच केबलींमध्ये ताठपणा तांब्याचा नसतोच, आवरणाचा असतो. स्वस्त कडक पीव्हीसीच्या आत ८५ तारा घातल्या तरी केबल काठीसारखीच राहते. मऊ पीव्हीसी किंवा सिलिकॉन हवं. सिलिकॉन सगळ्यात मऊ, टेबलाच्या कडेवरून सोडली तर सरळ खाली लोंबते, पण ते धारदार कडेवर पटकन चिरतं आणि धूळ खेचून घेतं, चौकटीवर उघडी लावायची तर महिन्याभरात मळकी दिसते. म्हणून ते आम्ही सोडलं, मऊ पीव्हीसी, पांढरं, बारीक तारांचं, असं ठरलं.

एक साधी चाचणी आहे ती दुकानात उभ्या उभ्या करता येते. केबल दोन बोटांभोवती गुंडाळायची आणि सोडायची. लगेच उसळून सरळ झाली तर ती प्लगला पण तशीच पिळणार. थोडी सैल होऊन तिथेच पडून राहिली तर घ्या.

निर्णयाची जागा: केबल की अॅम्प

आता पेच असा, दिसायला दीड स्क्वेअर हवी होती, गणित अडीचकडे बोट दाखवत होतं. मी अडीचच्या बाजूने होतो, मित्रपण. गाडी तिथून हलली ती सुतळीमुळे. केबलची लांबी नक्की करायला मित्राने अॅम्पपासून स्पीकरपर्यंत सुतळी धरून वाट मोजायला घेतली, आणि युनिटच्या मागून सुतळी सरकवताना वहिनी म्हणाल्या की ही इकडून तिकडे दोन मीटर जातेय ती कशाला, अॅम्पच उजव्या टोकाच्या कप्प्यात ठेवा ना.

आता हा कप्पा आधी का नाही वापरला? कारण तो मागेपुढे जेमतेम २८ सेंमीचा. अॅम्प १९ चा, मागे उरतात ९. जुन्या केबलला चार-पाच सेंमीचा प्लग आणि वर वळायला सहा-सात सेंमी लागत होते, त्यामुळे अॅम्प तिथे मावतच नव्हता. बारीक मऊ केबल प्लगपासून दोन-तीन सेंमीत वळते. म्हणजे मावतो!

दोन मीटर अॅम्प सरकवला की डावीकडची वाट साडेचार मीटर, उजवीकडची पाच. पाच मीटरला दीड स्क्वेअर म्हणजे ०.१३३ ओहम, मर्यादेच्या बऱ्यापैकी आत. डावी ०.१२, म्हणजे दोन्ही बाजू जवळपास सारख्या पण झाल्या. केबल बारीक घेतली म्हणून अॅम्प हलला आणि अॅम्प हलला म्हणून बारीक केबल चालली, दोन्ही एकमेकांवर अवलंबून. नुसतं केबलच्या कॅटलॉगमध्ये डोकं घालून बसलो असतो तर हे सुचलं नसतं, आणि सुचलं ते आम्हा दोघांना नाही हे पण नोंदवून ठेवतो.

डेसिबलमध्ये बघायचं तर नव्या केबलने ३.६ ओहमच्या जागी ०.३२ डीबी घटतात आणि २० ओहमच्या जागी ०.०६, म्हणजे तोल हलला पाव डीबी. जुन्या जाड केबलने तो ०.१४ हलत होता. फरक दशांशाच्या आसपास, ०.१२ डीबी. लोक ऐकण्याच्या चाचण्यांआधी दोन गोष्टींची लेव्हल जुळवतात तीच मुळी ०.१ डीबीच्या हिशोबात.

इंडक्टन्सचा पण हिशोब केला, कारण भावाने विचारलाच. अशा चपट्या जोडकेबलला मीटरमागे साधारण ०.६ मायक्रोहेन्री धरा, पाच मीटरला ३. वीस किलोहर्ट्झला हे ०.३८ ओहम होतात, ऐकायला मोठं वाटतं पण ते स्पीकरच्या इम्पीडन्समध्ये सरळ मिळवायचं नसतं, काटकोनात (वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढून) मिळवायचं असतं, त्यामुळे सहा ओहमच्या साध्या लोडला परिणाम डीबीच्या काही शतांशांत संपतो.

काय काय केलं

आधी एक मीटरचा नमुना आणला. पूर्ण लांबी एकदम घेतली असती तर फसलो असतो, कारण पहिला नमुना नापास झाला. छापलेलं होतं ऑक्सिजन फ्री कॉपर, दीड स्क्वेअर. हातात घेतल्यावर उगाच हलका लागला. दीड स्क्वेअरच्या जोडकेबलमध्ये मीटरमागे ३ घन सेंमी तांबं असतं, म्हणजे साधारण २७ ग्रॅम, आवरण वेगळं. काट्यावर ठेवला तर आवरणासकट तेवढा भरत नव्हता.

मग रेझिस्टन्स. साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या रेंजवर हे मोजायला जाऊ नका, त्याच्या प्रोबचाच रेझिस्टन्स यापेक्षा जास्त असतो. माझ्याकडे बेंच सप्लाय (करंट ठरवून देता येणारा पॉवर सप्लाय) होता, जोडीतल्या एका तारेतून बरोबर १ अँपिअर सोडला आणि तारेच्या दोन टोकांवर, करंटच्या क्लिपांच्या आतल्या बाजूला, मिलिव्होल्ट मोजले. एक मीटरला जितके मिलिव्होल्ट तितके मिलिओहम. यायला हवे होते १३.३ किंवा कमी, आले १८ च्या वर. ब्लेडने एक तार खरवडली तर तांबूस कातडीच्या आत चंदेरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. इथे एक काळजी घ्या, कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तारही चंदेरी दिसते, पण ती बाहेरून चंदेरी आणि खरवडल्यावर आत तांबडी. उलटं असलं तर परत करा.

अॅल्युमिनियमची केबल वाजतच नाही असं नाही, जाडी वाढवली तर तीपण चालते. पण इथे जागेच्या हिशोबाने दीड स्क्वेअरला धरून बसलो होतो, आणि वर अॅल्युमिनियमच्या तारा वारंवार वळल्या की लवकर तुटतात, लवचिक केबल घेण्याचा हेतूच बुडतो. दुसऱ्या ठिकाणचा नमुना १२ च्या आसपास आला, तारा ०.१५ च्या, बोटाला गुंडाळल्यावर पडून राहिला. तीच घेतली, दोन्ही बाजूंना हाताशी थोडी जास्त ठेवून.

टोकं करताना बारीक तारांची एक कटकट आहे. ८५ तारांचं टोक साध्या चाकूने सोललं की पाच-दहा तारा कापल्या जातातच, आणि त्यातली एखादी केसासारखी बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकली की शॉर्ट. चांगला वायर स्ट्रिपर वापरायचा. आणि टोकाला सोल्डर भरून मग स्क्रूखाली दाबायचं हे बरेच जण करतात ते करू नये, सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं आणि काही महिन्यांनी स्क्रू सैल. आम्ही फेरूल म्हणजे ती छोटी नळी क्रिंप करून मग बनाना प्लगमध्ये घट्ट केली. केबल चौकटीच्या खाचेतून छोट्या क्लिपांनी, स्टँडच्या मागे एक सैल वळसा ठेवून, म्हणजे स्पीकर हलवला तरी ताण प्लगवर येत नाही.

लावल्यावर काय झालं

सगळं जोडलं, गाणं लावलं आणि भाऊ लगेच म्हणाला, "बघ, बास गेला." आणि गेला होता! कल्पना नव्हती, तिघांनाही ऐकू येत होतं, बास पोकळ आणि गायकाचा आवाज मधोमध यायचा सोडून खोलीभर पसरलेला. बारीक केबल, बारीक बास, चर्चा संपली असती तिथेच. मित्र जुनी केबल परत काढायला उठलाच होता.

पण ०.१२ डीबीने बास असा जात नाही. एवढा मोठा फरक पडला तर तो केबलच्या जाडीचा असूच शकत नाही, काहीतरी उलटं लागलंय असं समजून चालायचं. नव्या केबलला दोन्ही तारा पांढऱ्या, फक्त एकीवर नखाला लागेल एवढी बारीक रेघ. डावी बाजू मित्राने जोडली, त्याने रेघ म्हणजे प्लस धरलं. उजवी भावाने, अॅम्पच्या टोकाला रेघ प्लसला लावली आणि स्पीकरच्या टोकाला, स्टँडमागे अंधारात, मायनसला. एक स्पीकर बाहेर ढकलतोय तेव्हा दुसरा आत ओढतोय, बास एकमेकांत कटतो.

खात्री करायची सोपी पद्धत: केबल अॅम्पपासून आधी पूर्ण सोडवायची, मग तिच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा, प्लस प्लसला. वूफरची जाळी काढून बघा, कोन बाहेर उडी मारतो की आत जातो. डावा बाहेर, उजवा आत. उजवा उलटवला आणि बास परत जागेवर. मग चारही टोकांना लाल आणि काळी हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवली, हे खरं तर जोडण्याआधी करायचं काम.

त्यानंतर खरखर नाही, बंद पडणं नाही, अॅम्पचे चारही पाय फळीवर. वहिनींनी दारावर केबल आहे की नाही हे मान वर करून शोधून बघितलं.

आणि आवाज सुधारला असं मित्र आता सगळ्यांना सांगतो, केबलमुळे. मला ते मान्य नाही. झालं काय, आधी ताठ केबलीमुळे स्पीकर भिंतीला खेटून ठेवावे लागायचे, पुढे ओढले की प्लग निसटायचा. आता मऊ केबलीला सैल वळसा आहे म्हणून त्याने दोन्ही स्पीकर वीतभर पुढे घेतले आणि आत वळवले. भिंतीपासून लांब गेल्यावर खालचा घुमणारा बास कमी होतो आणि वरचा आवाज मोकळा होतो, हा स्पीकरच्या जागेचा परिणाम आहे. केबलचं श्रेय एवढंच की तिने जागा बदलू दिली. आमचा वाद अजून मिटलेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सुतळीने वाट मोजणं अगदी शेवटी झालं, ते पहिल्यांदा व्हायला हवं होतं. लांबी कळल्याशिवाय जाडीवर बोलण्यात अर्थ नाही आणि आमची अर्धी चर्चा सात मीटर धरूनच झाली.

अडीच स्क्वेअरची बारीक तारांची केबल घेतली असती तर चुकलं असतं का? नाही. थोडी जाड दिसली असती, अॅम्प तिच्यानेही बहुतेक मावला असता आणि पुढे जास्त लांबीला पण उपयोगी पडली असती. ज्याला चौकटीची खाच वगैरे भानगड नाही त्याने सरळ अडीच घ्यावी आणि वरचं सगळं गणित विसरावं.

एका तारेला लाल कड असलेली केबल मिळत होती, ती पांढऱ्या रंगाच्या हट्टापायी सोडली. त्यातून सेलची चाचणी करायची वेळ आली.

भिंतीच्या आतून न्यायचा विचार केला असता तर हीच केबल चालली नसती, आतून जाणाऱ्या केबलला आगीच्या दृष्टीने वेगळं रेटिंग लागतं आणि ते त्या त्या ठिकाणच्या नियमाप्रमाणे बघून घ्यावं लागतं.

मित्र वर्षभरात घर बदलणार आहे. हेच स्पीकर आणि हीच केबल नेली तर त्याच्यासाठी आकडा काढून ठेवलाय: ०.१८ भागिले दोन वेळा १३.३ मिलिओहम, म्हणजे एका बाजूची वाट पावणेसात मीटरपर्यंत असेल तर दीड स्क्वेअर चालेल. त्याच्यापुढे गेली तर आधी अॅम्प हलवून बघायचा, नाहीच हलला तर अडीच.